भास, भ्रम आणि बाह्यरुग्ण विभाग

विद्यार्थिमित्रांनो, कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, हिरण्यकेशी नदीच्या काठी, गडहिंग्लज हे तालुक्याचे गाव सापडेल. गूळ आणि मिरची यांची ही जुनी बाजारपेठ. येथून कोल्हापूर शहर सुमारे ७० किलोमीटर. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची तर आणखी सुमारे १३० किलोमीटर. रत्नागिरीला १८८६ सालापासून मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातील चार जुनी सरकारी मनोरुग्णालये. त्यांतले गडहिंग्लजकरांना जवळचे ते हेच. म्हणजे घरात कोणाचे मन गंभीरपणे बिघडले, तर एका बाजूचा प्रवास दोनशे किलोमीटरचा, आणि तोही अशा माणसाला बरोबर घेऊन, की ज्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नाही!

आता दुसरे अंतर पाहा. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे. आजऱ्याहून, नेसरीहून आलेला माणूस एसटीतून उतरून तेथे जातो, खिडकीवर केसपेपर काढतो, डॉक्टरांना दाखवतो, गोळ्या घेतो आणि दिवेलागणीच्या आत घरी परततो. ताप, खोकला, मधुमेह यांच्या बाबतीत हे आपण रोज पाहतो. मनाच्या गंभीर आजारांपैकी बहुतेकांवरही असेच घरी राहून, येऊनजाऊन उपचार होऊ शकतात. ही गोष्ट चांगल्या शिकलेल्या माणसांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि ठाऊक नसल्यामुळे घरोघरी मोलाचे महिने वाया जातात.

दोनशे किलोमीटरचे अंतर एवढे कमी कसे झाले, ही एक विज्ञानकथाच आहे. तिच्यात सह्याद्रीच्या रानातील एका मुळीचाही वाटा आहे. पण आधी आजार समजून घेऊ.

आजार कसा असतो?

समजा, अकरावीत शिकणारा एक मुलगा आहे. अभ्यासात बरा, फुटबॉलचा नाद असलेला. (गडहिंग्लजच्या मुलाला हा नाद नसला तरच नवल!) दिवाळीनंतर तो मैदानावर येईनासा होतो. रात्री जागतो, दिवसा झोपतो, आंघोळ टाळतो. लिहिता लिहिता मध्येच थांबून कोपऱ्याकडे पाहतो आणि काहीतरी पुटपुटतो. आईने 'कुणाशी बोलतोस रे?' असे विचारले की चिडतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो सांगू लागतो, की शेजारची माणसे भिंतीपलीकडून आपल्याविषयीच बोलतात; आज एसटीच्या कंडक्टरने आपल्याला मुद्दाम खूण केली; जेवणात कोणीतरी काहीतरी कालवले आहे.

यात दोन लक्षणे ठळक आहेत. कोणी बोलत नसताना बोलणे ऐकू येते, तो भास. भास डोळ्यांना, नाकाला, त्वचेलाही होऊ शकतात. पण या आजारात कानांचे भास सर्वांत जास्त आढळतात. दुसरे लक्षण भ्रम. भ्रम म्हणजे पुरावा नसताना पक्की झालेली आणि कितीही समजावले तरी न हलणारी समजूत. याखेरीज बोलण्याची साखळी तुटणे, चेहऱ्यावरचे भाव आटणे, कशातच उत्साह न वाटणे ही लक्षणे असतात. ती गाजावाजा करीत नाहीत, म्हणून त्यांना 'आळस' किंवा 'माज' अशी नावे पडतात.

वास्तवाशी असलेला धागा असा तुटतो, त्या अवस्थेला चित्तविकृती म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात सायकोसिस हा शब्द येतो. चित्तविकृती हे तापासारखे आहे. ताप हिवतापाने येतो तसा विषमज्वरानेही येतो. चित्तविकृतीही छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया या आजारात दिसते, उन्माद व नैराश्याच्या तीव्र झटक्यांत दिसते, काही स्त्रियांना बाळंतपणानंतर होते, गांजाने होते, धोतऱ्याचे बी पोटात गेल्याने होते. मेंदूज्वर, अपस्मार किंवा कंठस्थ ग्रंथीच्या बिघाडानेही होऊ शकते. म्हणून केवळ लक्षणे ऐकून घरच्या घरी निदान करू नये. परीक्षेची धास्ती, चार दिवसांची उदासी, देवघरात बसणे किंवा एकटे राहणे आवडणे ही चित्तविकृती नव्हे, हेही लक्षात असू द्या.

स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. त्याचा शब्दशः अर्थ 'दुभंगलेले मन'. या नावाने एक मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. एका शरीरात दोन माणसे राहतात, दिवसा सज्जन आणि रात्री खुनी, असे चित्रपटवाले दाखवतात, त्याचा या आजाराशी काही संबंध नाही. ब्लॉयलर यांना म्हणायचे होते ते एवढेच, की विचार, भावना आणि वागणे यांचा आपसातला मेळ सुटतो. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो बहुधा पंधरा ते तीस या वयात सुरू होतो. म्हणून तर हा विषय तुमच्या मासिकात!

गुदगुल्यांचा प्रयोग

स्वतःच्या तळपायाला बोटाने गुदगुल्या करून पाहा. होत नाहीत. मित्राला करायला सांगा. लगेच पाय आखडून घ्याल. बोट तेच, तळवा तोच, मग फरक कशाचा?

मेंदू बोटाला हालचालीचा हुकूम देतो, तेव्हा त्या हुकुमाची एक नक्कल जणू स्वतःच्या दप्तरी ठेवतो. 'आता तळव्याला स्पर्श होणार आहे, तो आपलाच आहे' अशी आगाऊ नोंद झालेली असते, म्हणून तो स्पर्श आल्यावर त्याचा जोर कमी केला जातो. मित्राच्या बोटाची आगाऊ नोंद नसते. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या गुदगुल्यांचा शास्त्रीय प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या रुग्णांना आवाजांचे भास होत होते, किंवा आपल्या हालचाली दुसराच कोणी घडवतो असे वाटत होते, त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श सारखाच तीव्र वाटत होता!

हाच विचार पुढे नेऊ. हे वाक्य वाचताना तुमच्या मनात एक आवाज चालू आहे. तो आपलाच, याविषयी तुम्हाला शंका नाही, कारण 'हे माझे' असा शिक्का मेंदूने त्यावर उमटवलेला आहे. तो शिक्का उमटायचा राहिला तर? आपलाच विचार परक्याचा आवाज म्हणून कानी येईल. भास होत असताना मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा बोलण्याशी आणि ऐकण्याशी संबंधित भाग कामात असल्याचे अनेक रुग्णांत दिसून आले आहे. भासांचे हे एकमेव स्पष्टीकरण नाही. पण एक गोष्ट यातून पटते. रुग्ण 'आवाज येतो' म्हणतो तेव्हा तो सोंग करीत नसतो. त्याला तो खरोखरच ऐकू येत असतो. 'काही आवाज नाही, उगीच सांगू नकोस' असे त्याला दरडावणे म्हणजे ताप आलेल्याला 'गरम होऊ नकोस' म्हणण्यासारखे आहे.

मुळी, ससे आणि एक रसायन

आता त्या मुळीकडे वळू. सर्पगंधा हे झुडूप सह्याद्रीच्या दमट रानात वाढते. तिची मुळी झोप न येणे, बेफाम होणे यांवर आपल्या देशात फार पूर्वीपासून दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे उन्मादावरील व रक्तदाबावरील गुण वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात छापली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले. अनेकजण शांत झाले.

पण ते काम कसे करते? स्वीडनमधील आरविद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे जागच्या जागी थिजून बसले. मग त्यांनी सशांना एल-डोपा नावाचे द्रव्य दिले, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा इकडे तिकडे हिंडू लागले! एल-डोपापासून शरीरात डोपामीन तयार होते. रेसर्पिनने मेंदूतील डोपामीनचा साठा रिकामा केला होता. तो भरताच हालचाल परत आली. हे १९५७ साली प्रसिद्ध झाले. तोवर डोपामीनला मेंदूत स्वतःचे असे काही काम असेल, असे कोणी फारसे मानत नव्हते. या शोधमालिकेबद्दल कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जाता जाता एक गंमत. ज्या खाजकुइलीच्या शेंगांनी तुम्ही कधीतरी कोणाला तरी खाजवायला लावले असेल, तिच्या बियांत एल-डोपा भरपूर असते. मेंदूतील डोपामीन रिकामे करणारे द्रव्य आणि ते भरणारे द्रव्य, दोन्ही आपल्याच रानात! (म्हणून बिया खाऊन पाहू नका. मात्रा चुकली तर अपाय ठरलेला.)

आपल्या मेंदूतील चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये अतिशय सूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत डोपामीनसारखे रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीवरील ग्राहींवर जाऊन बसते, आणि निरोप पोचतो. कुलपात किल्ली बसावी तसे. डोपामीनच्या अनेक कामांपैकी एक काम 'हे महत्त्वाचे आहे, इकडे लक्ष दे' अशी खूण करण्याचे असावे, असे आज मानले जाते. तुम्ही पुस्तकात महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारता ना, तसे. समजा, पेन्सिल हाताबाहेर गेली आणि प्रत्येक ओळीखाली रेघा पडू लागल्या. मग कंडक्टरचे कपाळ पुसणे, शेजाऱ्याचे खोकणे, दारावरून गेलेली लाल मोटार, सगळ्यालाच काहीतरी गूढ अर्थ आहे असे वाटू लागते. आणि अर्थ जुळवल्यावाचून मेंदूला चैन पडत नाही. तो जुळवलेला अर्थ म्हणजे भ्रम. चित्तविकृतीच्या अनेक रुग्णांत मेंदूच्या एका खोल भागात डोपामीन वाजवीपेक्षा जास्त तयार होते, असे मोजमापांतून दिसले आहे.

रेसर्पिन मागे पडले. त्याचे दुष्परिणाम फार होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये दुसरे एक औषध पुढे आले. क्लोरप्रोमझीन हे द्रव्य तेथील एका कंपनीत १९५० च्या डिसेंबरात तयार झाले होते. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि प्येर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिले. वर्षानुवर्षे आरडाओरडा चाललेल्या दालनांत शांतता पसरली, आणि मुख्य म्हणजे ही नुसती गुंगी नव्हती. भास आणि भ्रमही ओसरू लागले. त्याआधी काय होते? बांधून ठेवणे, थंड पाण्यात बसवणे, इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणे, आणि मेंदूचा पुढचा भाग शस्त्राने तोडणे. या शेवटच्या शस्त्रक्रियेला तर १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. नोबेल मिळाले म्हणजे उपचार चांगलाच असतो असे नाही.

क्लोरप्रोमझीन डोपामीनचे ग्राही अडवून धरते, याचा सुगावा १९६३ साली पुन्हा कार्लसन यांच्याच प्रयोगशाळेत लागला. कुलपाच्या भोकात खडा बसला की किल्ली शिरत नाही, तसे. आजची बहुतेक औषधे कमीअधिक प्रमाणात हेच करतात. आणि येथेच दुष्परिणामांचेही उत्तर आहे. हालचाल सुरळीत ठेवण्यासाठी मेंदूला डोपामीन लागते. ते कमी पडले की कंपवात होतो. म्हणून भासांवरच्या औषधाने कधी कधी हात थरथरतात, अंग ताठरते, लाळ गळते. आणि उलट, कंपवाताच्या म्हाताऱ्या रुग्णाला एल-डोपा जास्त झाले तर भास होऊ लागतात. एकाच रसायनाची ही दोन टोके आहेत.

मिरचीची धुरी

गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग पाहून परक्या माणसाला ठसका लागतो. त्या मिरचीचा एक उपयोग मात्र आता कायद्याने गुन्हा आहे. 'बाहेरचं झालंय', 'लागीर झालंय' असे ठरवून माणसाला बांधायचे, मारायचे, मिरचीची धुरी द्यायची, हा प्रकार आपल्याकडे कमी झाला नव्हता. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी अनेक वर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर कायदा आला. त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात भूत उतरवण्याच्या बहाण्याने साखळीने किंवा दोराने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांची नावानिशी नोंद आहे.

गडहिंग्लज परिसराला असले प्रश्न नवे नाहीत. केसांत जट आली म्हणजे देवीचे बोलावणे आले, या समजुतीपायी मुली देवीला सोडल्या जात. त्या प्रथेविरुद्ध १९७५ साली याच गावात देवदासी परिषद भरली होती. जट हा केसांचा गुंता, ती कापता येते, हे पटायला पुष्कळ माणसांना पुष्कळ वर्षे फिरावे लागले. आवाज ऐकू येणे हाही देवाचा किंवा भुताचा संचार नसून मेंदूचा आजार आहे, हे पटायला तेवढीच वर्षे लागू नयेत.

आणि साखळीचे काय होते, तेही ऐका. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवणारी ठिकाणे होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली. बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीत बांधण्यावर बंदी घातली आहे.

घरच्या माणसांना नरसोबाच्या वाडीला जाऊन यावेसे वाटले, तर त्यांच्याशी भांडत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. संकटात माणूस देवाकडे जाणारच. वाडीला जाण्यापूर्वी की नंतर, हा वादही नको. गोळी चुकू नये आणि अंगाला कोणी हात लावू नये, एवढ्या दोन गोष्टींवर मात्र ठाम राहावे.

औषध गावापर्यंत आले

औषध निघाले म्हणून ते नेसरीला पोचत नाही. मधे माणसे लागतात. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात एक धाडस केले. जागा अपुरी होती म्हणून त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांनाही तेथे राहायला बोलावले. नातेवाइकांनी आपल्या माणसाला सुधारताना डोळ्यांनी पाहिले, सेवा कशी करायची ते शिकले आणि त्याला लवकर घरी नेले. वेड्यांचे इस्पितळ म्हणजे माणूस कायमचा सोडून यायची जागा, ही समजूत तेथे पहिल्यांदा हलली.

पुढे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला. तो प्रत्यक्षात कसा आणायचा, हे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखवले. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील साध्या डॉक्टरांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण दिले, मोजकी चार-पाच औषधे पुरवली आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेवकांना लक्षणे ओळखायला शिकवले. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणीही उपचार चालू राहू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. १९९६ पासून याच नमुन्यावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर हळूहळू वाढवण्यात आला. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांचे पथक आणि त्या पथकाने तालुक्याच्या रुग्णालयांना ठरलेल्या दिवशी भेट देणे, अशी त्याची रचना आहे. भेटीचे दिवस बदलतात. ते रुग्णालयातच विचारून घ्यावेत. अधिक तपासण्या लागल्या तर कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे सीपीआर, आहेच.

काम पुरे झाले आहे असे मात्र नाही. २०१५-१६ साली निम्हान्सने बारा राज्यांत केलेल्या पाहणीत चित्तविकृतीच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले.

केसपेपर काढल्यावर

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर आधी ऐकतात. कधीपासून, कसे, झोप किती, घराण्यात कोणाला होते का, डोक्याला मार, फिटा, गांजा. घरच्यांनी हे एका कागदावर तारखांसह लिहून नेले तर फार उपयोग होतो. मग रक्त, गरज पडल्यास कंठस्थ ग्रंथीची तपासणी, क्वचित मेंदूचे चित्र. छिन्नमनस्कता दाखवणारी रक्ततपासणी अजून निघालेली नाही. निदान लक्षणांवरून आणि काळावरून होते.

औषध बहुधा गोळ्यांचे असते. रिस्पेरिडोन, ओलँझापिन, हॅलोपेरिडॉल ही नावे चिठ्ठीवर दिसतील. झोप आणि चिडचीड पहिल्या काही दिवसांत सुधारते. भास आणि भ्रम ओसरायला काही आठवडे लागतात. येथे पुष्कळजण धीर सोडतात आणि डॉक्टर बदलतात. अंग ताठरले, बेचैनी वाढली, वजन भराभर वाढू लागले तर गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. नव्या औषधांपैकी काहींनी साखर वाढते, म्हणून ती तपासतात. रोज गोळी घेणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन असते. ते स्नायूत राहून हळूहळू रक्तात उतरते. दोन औषधांनी गुण आला नाही तर क्लोझापिनचा विचार करतात. ते प्रभावी आहे, पण फार थोड्या रुग्णांत पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटवते, म्हणून त्याबरोबर ठरावीक काळाने रक्त तपासणे अनिवार्य असते.

रुग्णालयात ठेवावे लागतच नाही असे नव्हे. रुग्ण अन्नपाणी सोडतो, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलतो किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भीती असते, तेव्हा काही दिवस भरती करणे योग्यच. पण हिंदी चित्रपटांतून समज झाला आहे तसे हे रुग्ण सरसकट हिंसक नसतात. दुसऱ्याला मारण्यापेक्षा दुसऱ्याकडून मार खाण्याचाच धोका त्यांना अधिक असतो.

खरी परीक्षा पुढे असते. चार महिन्यांनी मुलगा मैदानावर येतो, हसतो, बोलतो. घरचे म्हणतात, 'बरा झाला की! आता कशाला गोळ्या?' याचे उत्तर आकड्यांत पाहा. २०१२ साली ६५ चाचण्यांचा, म्हणजे जवळपास ६,५०० रुग्णांचा, एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्या १०० जणांपैकी २७ जणांना वर्षभरात आजार उलटला. ज्यांना त्याऐवजी औषध नसलेली गोळी दिली, त्यांच्यापैकी ६४ जणांना उलटला. वजाबाकी करा. शंभरांत ३७ जणांचे उलटणे औषधाने टळले. म्हणजे साधारण तिघांनी औषध चालू ठेवले की एकजण वाचतो. २७ हा आकडाही लहान नाही, हे मी झाकून ठेवत नाही. औषध हे छप्पर आहे; कधी कधी गळतेही. पण पावसात छप्पर काढून कोणी राहत नाही. किती वर्षे घ्यायचे, कधी कमी करायचे, हे डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून ठरवायचे.

उशिराचाही हिशेब असाच आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका काळ जातो, तितके बरे होणे अवघड जाते, असे पुष्कळ देशांतील अभ्यासांत दिसले आहे. 'लग्न केलं की सुधारेल' या आशेवर दोन वर्षे घालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यात दुसऱ्या घरच्या मुलीचीही फसवणूक होते.

घरातील बोलण्याचा सूर हासुद्धा उपचाराचाच भाग आहे. सतत टोमणे, राग आणि अतिकाळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे लंडनमधील अभ्यासांतून पुढे आले. तोच अभ्यास चंदीगडला झाला तेव्हा तशी घरे लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. १९६० च्या दशकाअखेर जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत सुरू केलेल्या पाहणीत आग्रा हे एक केंद्र होते. तेथील रुग्ण दोन आणि पाच वर्षांनंतर श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक चांगल्या स्थितीत दिसले. याच्या कारणांवर तज्ज्ञांत आजही वाद आहे. शेतात, गोठ्यात, दुकानात झेपेल तेवढे काम मिळणे, हे एक कारण असावे, असे काहींचे मत आहे.

शिक्षकांसाठी, आणि तुमच्यासाठीही

वर्गात मागे पडू लागलेला, एकटा पडलेला, विचित्र संशय बोलून दाखवणारा विद्यार्थी आढळला, तर त्याला सर्वांसमोर विचारू नये. पालकांना बोलावून, पाहिलेले तेवढेच सांगावे. निदान सांगू नये. उपचारानंतर तो परत येईल तेव्हा सुरुवातीला निम्मा दिवस शाळा, कमी गृहपाठ चालवून घ्यावा. गोळ्यांमुळे सकाळी पेंग येते. पहिल्या तासाला डुलकी लागली तर रागावू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट याच आजारावर आहे. तो दाखवून वर्गात चर्चा घडवता येईल.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या वयाला एक धोक्याची सूचना. स्वीडनमध्ये सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. तो अभ्यास १९८७ साली छापून आला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांना छिन्नमनस्कता होण्याचे प्रमाण न ओढलेल्यांच्या सुमारे सहापट होते. ओढणाऱ्या प्रत्येकाला आजार होत नाही. पण आपण कोणत्या गटात आहोत, हे आधी कळत नाही.

आजार काही अंशी आनुवंशिक आहे, पण ती अटळ शिक्षा नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला, तरी निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. घरात कोणाला हा आजार असेल, तर बहिणीचे लग्न मोडेल म्हणून केसपेपर लपवणारी कुटुंबे तुमच्याही गल्लीत असतील. मित्राच्या घरचे असे काही तुम्हाला कळले, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

आणि आवाज तुम्हालाच ऐकू येत असतील, तर आई, वडील, मामा, वर्गशिक्षिका, ज्यांच्याशी बोलणे सोपे वाटते त्यांना आजच सांगा. कोणालाच सांगवत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.